रिकाम्या घरातली पावले

धानाला लोंबी आली, की आमच्या कोंढ्याच्या बांध्यांत बुजगावणी उभी राहतात. येणाऱ्याला भिववून परतवावे, एवढेच त्यांचे काम. पण सोंगाची आणखी एक जात आहे. ती भिववीत नाही. उलट ‘या, बसा’ म्हणते. संगणकाच्या राज्यात अशा सोंगाला ‘हनीपॉट’, म्हणजे मधाचे भांडे, म्हणतात. खऱ्यासारखाच दिसणारा एक खोटा सर्व्हर मांडून ठेवायचा आणि आत शिरलेला चोर काय काय करतो ते आडून पाहायचे, अशी ही युक्ती.

तिचे बीज मराठी माणसाला परके नाही. १६६० साली सिद्दी जौहराचा पन्हाळ्याला वेढा पडला होता. महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा दुसऱ्या पालखीत त्यांच्या वेषात शिवा काशीद बसला होता. शत्रू त्या पालखीत गुंतला आणि महाराजांना वेळ मिळाला. वेळ हीच सोंगाची खरी कमाई. शिवा काशीदाने ती प्राण देऊन मिळवली.

अशाच वेळेची गरज १९८६ साली कॅलिफोर्नियात क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला पडली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक येत होता. पुरता एक डॉलरही नव्हे! पण शोध घेता कळले, की कोणी परका प्रयोगशाळेच्या संगणकात शिरून तेथून पुढे लष्करी संगणकांत हात घालीत आहे. दार लावून घेणे सोपे होते. स्टोलने ते उघडेच ठेवले. येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडली. चोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उमटू लागली. हा खेळ मोठा जोखमीचा! चोर काही नाजूक गोष्टीजवळ पोचला, की स्टोल किल्ल्यांचा जुडगा तारांना टेकवी. खरखर होई आणि चोराला वाटे, टेलिफोनच बिघडला.

चोर मात्र थोडाच वेळ थांबे, आणि जर्मनीतील टेलिफोनचा माग काढायला फार वेळ लागे. तेव्हा स्टोलची मैत्रीण मार्था मॅथ्यूज हिने सुचवले, की त्याला वाचायला भरपूर द्यावे. क्षेपणास्त्र-संरक्षण योजनेची खोटी कागदपत्रे रचण्यात आली. चोर त्यांत रमला आणि माग हॅनोव्हरच्या मार्कुस हेसपर्यंत पोचला. चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती. १९९० साली हेसला शिक्षा झाली.

पुढे १९९९ साली ‘हनीनेट प्रकल्प’ निघाला आणि एकट्यादुकट्याची ही युक्ती जगभरच्या अभ्यासकांची विद्या झाली. तिचे मर्म घरगुती आहे. गजबजलेल्या वाड्यात कोणाचे पाऊल कोणते, हे ओळखणे कठीण. पण ज्या घरी कोणाचेच काम नाही, तेथे वाजलेले प्रत्येक पाऊल संशयाचे. चोर कोणते परवलीचे शब्द अजमावतो, कोणती हत्यारे मागे ठेवतो, हे सारे तेथे टिपता येते. मात्र त्या घराला शेजारात उघडणारे दार नसावे. नाहीतर चोर तेथूनच दुसऱ्याच्या घरात उतरेल.

सोंग घेणे ही काही केवळ राखणदाराची मक्तेदारी नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये घाला पडला, तेव्हा सोंग चोरांनीच उभे केले होते. एटीएममधून येणारी मागणी तपासून ‘होय’ वा ‘नाही’ म्हणणारी बँकेची एक व्यवस्था असते. चोरांनी तिच्या जागी आपली बनावट व्यवस्था बसवली, आणि ती प्रत्येक मागणीला ‘होय’ म्हणत गेली. २८ देशांतून पैसे निघाले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

लहानथोर सारे आता फोनवरून पैसे देतात-घेतात, म्हणून ही हकिकत घरोघरी ठाऊक असावी असे मला वाटते. कुलूप मजबूत हवे, यात वाद नाही. पण कुलूप फुटलेच तर ते कसे फुटले, हे सांगणारा कोणी आत जागा असला पाहिजे. स्टोल जागा राहिला, कारण ७५ सेंटांचा फरक त्याने क्षुल्लक मानला नाही.