सराफ्याची रात्र

कोणत्याही नगराचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी आधी राजवाड्याकडे वळते, मग देवळांकडे, आणि फुरसत मिळाल्यास पेठांकडे. त्या नगरात माणसे कोठे व काय खात, हा प्रश्न सहसा इतिहासकाराच्या वाट्यास येत नाही. तो प्रवाशाच्या वाट्यास येतो. इंदुरास येणारा पाहुणा हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो, की रात्री खावयास कोठे जावे. आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते, ‘सराफ्यात’. हे उत्तर देणाऱ्या आम्हां इंदूरकरांस त्यात काही नवल वाटत नाही. परंतु ज्या गल्लीत दिवसा सोन्याची तोळामाशांत पारख होते, त्याच गल्लीत रात्री कढया का चढाव्यात, हे खरोखर नवलाचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार योजिला आहे.

प्रथम स्थळ पाहू. अठराव्या शतकाच्या प्रारंभी राव नंदलाल मंडलोई या जमीनदाराच्या आश्रयाने इंदूरची व्यापारी वस्ती वाढीस लागली. पुढे माळवा मराठ्यांच्या अमलाखाली आला व होळकरांचा येथे संबंध जडला; तथापि अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६७ ते १७९५ या काळात, राज्याचे केंद्र महेश्वर हेच होते. १८०१ साली सर्जेराव घाटगे याने इंदूर लुटले व जाळले. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी ठरली. हा तह घडवून आणणारे दिवाण तात्या जोग, म्हणजेच विठ्ठल महादेव किबे, हे मुत्सद्देगिरी व सावकारी या दोन्ही व्यवहारांत मुरलेले गृहस्थ. लढाई संपली, फौजा मोडल्या, आणि तलवारीपेक्षा हुंडीला महत्त्व आले, अशा संधिकाळात या राजधानीची घडी बसली. माळव्यातील अफू व कापूस यांच्या व्यापारास पैसा पुरविणारे सावकार व सराफ राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर पेढ्या मांडून बसले. सराफा ही राजवाड्याची शेजारीण. मात्र तिचे नाते दरबारापेक्षा बाजाराशी अधिक.

आता या पेठेची रचना लक्षात घ्यावी. गल्ली अरुंद, दुकाने एकास एक लागून, आणि दुकानापुढे ओटा. सोन्याचा व्यवहार उजेडाचा. दिवेलागणीनंतर काही वेळाने तो आटोपतो, तिजोऱ्यांस कुलपे लागतात आणि ओटे रिकामे होतात. बंद सराफी दुकानासारखी काळजीची वस्तू दुसरी नाही. ओसाड व अंधारी गल्ली चोराच्या सोयीची. दिवे जळत असलेली, माणसांनी गजबजलेली गल्ली कुलपाच्या सोयीची. म्हणून आपल्या ओट्यापुढे रात्री कोणी कढई मांडून बसला, तर तो सराफास भार न वाटता राखणदार वाटला. आणि विक्रेत्यास नगराच्या मध्यभागी अशी जागा मिळाली, जी दिवसा त्याच्या ऐपतीबाहेरची होती. सराफ्याच्या रात्रीविषयी जुने लोक जे सांगतात त्याचा मथितार्थ हाच आहे, आणि तो बुद्धीस पटणारा आहे.

ही केवळ इंदूरची लहर म्हणावी, तर अहमदाबादचा माणेक चौक तसे म्हणू देत नाही. तेथेही सकाळी भाजीचा बाजार, दिवसा सोन्याचांदीचा, आणि रात्री खाद्यपदार्थांचा, अशी एकाच चौकाची वाटणी झालेली आहे. दोन निरनिराळ्या राज्यांत, दोन निरनिराळ्या भाषांच्या नगरांत, सराफी पेठेनेच रात्रीच्या खाणावळीस जागा द्यावी, हा योगायोग मानणे कठीण आहे. जेथे मालाचे मोल फार व तो मांडण्याचे तास थोडे, तेथे उरलेल्या तासांस दुसरा व्यवसाय सापडतो, असाच याचा निष्कर्ष काढावा लागतो.

परंतु ओटा रिकामा झाला म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येते असे नाही. त्यास रात्री घराबाहेर पडण्याचे कारण हवे. एक कारण हवेचे. बनारसची सकाळ, अवधची सायंकाळ आणि माळव्याची रात्र, ही उत्तरेकडील जुनी वाखाणणी प्रसिद्ध आहे. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या या पठारावर उन्हाळ्यातही दिवस मावळल्यावर वारा थंड होतो. दुसरे कारण उद्योगाचे. १८७० च्या दशकात दुसरे तुकोजीराव यांनी दिलेल्या कर्जातून खंडवा ते इंदूर लोहमार्ग झाला. त्याच तुकोजीरावांच्या कारकिर्दीत येथे कापडाची सरकारी गिरणी निघाली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार अशा गिरण्यांची ओळच उभी राहिली. गिरणीच्या भोंग्याने नगराचे घड्याळ बदलले. पाळीवरून सुटलेल्या माणसाची भूक सूर्याकडे पाहून लागत नाही. त्यातच कापडबाजार सराफ्याच्या शेजारी. परगावचा व्यापारी दिवसभर सौदे करी व रात्री मोकळा होई. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. तिच्या कामगारांची थकलेली देणी मिळावयास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. भोंगे थांबले, पण रात्री उशिरा खाण्याची सवय नगरात राहून गेली.

येथे आपल्या मराठी वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. या पेठेत आपले म्हणावे असे काय आहे? इंदूरचे पोहे मराठ्यांबरोबर आले, असे अभिमानाने सांगितले जाते. पोहे हा काही एकट्या महाराष्ट्राचा पदार्थ नव्हे. तथापि इंदुरात पोह्यांबरोबर ‘उसळ’ मागणाऱ्या हिंदीभाषी गिऱ्हाइकाच्या तोंडी जो शब्द येतो, तो निःसंशय मराठी घरातून गेलेला आहे. मात्र पदार्थाकडे नीट पाहिले तर आपला हक्क सांगताना जरा थबकावे लागते. आपल्याकडे कांदा फोडणीत पडतो. इंदुरी पोह्यांवर तो कच्चा येतो. पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत बडीशेप असते, वर शेव व जिरावन भुरभुरलेले असते आणि शेजारी जिलेबी असते. देशावरून आलेल्या गृहस्थास ही गोडातिखटाची सोयरीक प्रथम विचित्र वाटते. आठवड्याभराने तिच्यावाचून त्याचे चालत नाही.

साबुदाण्याच्या खिचडीचा प्रवास याहूनही बोधक आहे. आपल्या घरी ती एकादशीची. सराफ्यात तिला तिथी नाही. मोठ्या पातेल्यात वाफेवर मोकळी राहिलेली खिचडी गिऱ्हाईक समोर आल्यावर घ्यायची, तीत बटाट्याचा चिवडा, मसाला व लिंबू घालून ती कालवायची, आणि द्रोण हाती द्यायचा. उपासाचा पदार्थ चैनीचा झाला. धर्मशास्त्राने ज्यास सूट दिली होती, त्यास बाजाराने मानाचे स्थान दिले. हा पदार्थ फार प्राचीन असेल अशी समजूत मात्र करून घेऊ नये. ज्या कंदापासून आपल्याकडील साबुदाणा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि तमिळनाडूतील सेलम भागात या धंद्याचा जम बसला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. बटाटा, मिरची व मका हेही अमेरिकेतूनच आलेले. मक्याची कोवळी कणसे किसून दुधात शिजविलेला ‘भुट्ट्याचा कीस’ आज माळव्याचे भूषण समजला जातो. परंतु कोलंबसापूर्वी माळव्यात मका नव्हता. परंपरा म्हणजे फार जुनी वस्तू असे नसून, परक्या वस्तूस घरातली म्हणण्याइतके ज्या वस्तीने दिवस काढले, त्या वस्तीची ती सही असते.

खास माळव्याचे म्हणावे असेही येथे पुष्कळ आहे. गराडू हा हिवाळ्यातला कंद. त्याचे तुकडे तळून, लिंबू पिळून, त्यांवर जिरावन घालून देतात. या जिरावन शब्दाने मराठी माणसास ‘जिरवणे’ आठवते, आणि जिरेही आठवतात. संस्कृतातील ‘जीरक’ शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती जिरण्याचा अर्थ असलेल्या धातूशीच जोडलेली असल्याने दोन्ही आठवणी एकाच मुळाशी पोहोचतात. शिकंजी म्हणजे अन्यत्र लिंबाचे सरबत. इंदुरात मात्र आटीव दुधाचे, सुक्या मेव्याचे दाट पेय. याखेरीज दहीवडा, मालपुवा, मावा-बाटी, रबडी; यादी वाढवीत नेणे आमच्या हेतूस आवश्यक नाही. एवढे खरे, की या गल्लीत कोणताही पदार्थ ज्या रूपाने आला त्या रूपाने राहिलेला नाही. मराठी कुटुंबे येथे राज्यकर्त्यांच्या मागोमाग आली. १९१७, १९३५ व २००१ साली मराठी साहित्य संमेलने या नगरात भरली, ही आमच्या अभिमानाची गोष्ट. पण राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, राजवाडा १९८४ च्या दंगलीत होरपळला. उसळ मात्र राहिली, आणि ती आपली राहिली नाही म्हणूनच राहिली.

या पेठेचा सामाजिक अर्थही पाहण्यासारखा आहे. जुन्या घरांत पंगतीची जागा जातीने ठरत असे. ओट्याजवळ उभे राहून द्रोणातून खाणाऱ्यांची पंगत लावता येत नाही. कोण कोणाच्या शेजारी उभा आहे हे पाहावयास तेथे कोणी यजमान नाही. बायका-मुलांसह मध्यरात्री निर्धास्त फिरता यावे, हीही लहान गोष्ट नव्हे. तथापि सराफा सर्वांचा, असे सरसकट म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ही पेठ पूर्णतः शाकाहारी आहे. ज्यांचे ओटे, त्या जैन व वैष्णव व्यापाऱ्यांच्या आचाराची ही खूण आहे. उसन्या जागेवर बसणाऱ्याने धन्याची रीत पाळावी, हा त्या अलिखित कराराचा भागच होय. आणि कोणताही करार काहींना आत घेताना काहींना दाराबाहेर ठेवतो.

आज हा करारच तणाव सोसत आहे. नगराच्या नव्या भागात, न्यू पलासियात, ‘छप्पन दुकान’ नावाची दुसरी खाद्यपेठ आहे. तिला २०१९ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र मिळाले आणि २०२० साली तिची नव्याने बांधणी झाली. तेथील दुकाने विक्रेत्यांची स्वतःची, दिवसाही उघडी, बैठकीची सोय असलेली. तरुण मंडळींची हल्ली तिकडे ओढ आहे. सराफ्यात मात्र गर्दी वाढली, पूर्वी मोजक्या असलेल्या गाड्यांची संख्या फुगली, आणि माळव्याशी संबंध नसलेले चिनी पद्धतीचे पदार्थही तेथे आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरदा येथील फटाक्यांच्या कारखान्यात भीषण स्फोट झाल्यावर अरुंद गल्लीतील गॅसच्या टाक्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे सराफांनीच ही रात्रीची पेठ हलविण्याची मागणी केली. २०२५ साली वाद वाढला, आणि पारंपरिक पदार्थांची जुनी दुकाने ठेवून इतरांस हलवावे, असा मध्यममार्ग पुढे आला.

सराफांची भीती खोटी नाही. ज्या गर्दीने एके काळी कुलपे राखली, तीच आता आगीच्या वेळी बंबाची वाट अडवील, असे त्यांस वाटते. विक्रेत्यांची बाजूही खोटी नाही. जागा त्यांची नसली तरी जागेस नाव त्यांनी मिळवून दिले. परंतु ‘पारंपरिक’ कोणते हे ठरवावयाची वेळ आली म्हणजे निवाडा कशावर करणार? दरबाराचे दप्तर शाबूत आहे, सावकारांच्या वह्या आहेत; कढईमागे उभ्या राहिलेल्या माणसाचा इतिहास त्याच्या जिभेवर आहे आणि त्याच्याबरोबर जाणारा आहे. कोणाच्या ओट्यावर कोण बसे, भाडे द्यावे लागे की नुसता झाडलोटीचा बोल असे, कोणता पदार्थ प्रथम कोणी मांडला, याची नोंद करणे पालिकेचे काम नव्हे. ते आमच्यासारख्या सभांचे व शाळांचे काम आहे.

म्हणून शिक्षकबंधूंस व भगिनींस आमची विनंती अशी, की इतिहासाच्या वर्गातील मुलांना एक वेळ राजवाड्याच्या सनावळीतून मोकळे करावे आणि वही देऊन या गल्लीत, किंवा आपापल्या गावच्या अशा गल्लीत, पाठवावे. वडोदरा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, यांपैकी कोणत्याही जुन्या नगरात असे ओटे असणारच. मुलांनी म्हाताऱ्या विक्रेत्यांस व म्हाताऱ्या सराफांस विचारावे, उत्तरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, आणि ती संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवावीत. गल्ली राहील की हलेल हे आपल्या हाती नाही. कोणाच्या शब्दावर ती इतकी वर्षे उभी राहिली, हे लिहून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि सांगणारे अद्याप हयात आहेत.