सर्जा माडी विरुद्ध मनोरा

मामाच्या वह्या अकरा निघाल्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या, जमाखर्चाच्या असतात तशा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा मामेभावानं त्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "अक्का, मराठी तुलाच वाचता येतं. बघ, काय करायचं ते." त्याला मराठी बोलता येतं, तंजावूरचं, ‘काय करूलालास’ असं विचारणारं. वाचायचं म्हटलं की तमिळच.

वह्यांत हिशेब होता, पण पैशांचा नव्हता. फुटबॉलच्या एका लीगचा होता, आणि ती लीग कुठल्याही मैदानावर कधी खेळली गेली नव्हती. सहा संघ, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन सामने, म्हणजे हंगामाचे तीस. संघांची नावं मामानं घराच्या आसपासची घेतलेली: सर्जा माडी, माड माळिगै, संगीत महाल, घंटाघर, शिवगंगा. सहावा संघ मनोरा. तो लांबचा, समुद्रकाठचा, म्हणून वहीत त्याला ‘परगावचे’ म्हटलेलं.

खेळ पत्त्यांचा. जोकर धरून 54 पानं पिसायची, दोन्ही संघांना नऊ-नऊ पानं. एक पान म्हणजे दहा मिनिटं. एक्का आला की गोल. लाल राजा किंवा लाल राणी आली की संधी, मग उरलेल्या गड्डीतलं वरचं पान उलटायचं. तेही लाल निघालं तर गोल. जोकर म्हणजे खेळाडू बाहेर आणि त्या संघाची उरलेली दोन पानं रद्द. मी गणित करून पाहिलं: एका संघाला सामन्यात सरासरी साधारण एक गोल पडतो. खऱ्या फुटबॉलच्या बरंच जवळ. मामा सरकारी कचेरीत कारकून होता. हे प्रमाण त्यानं मांडून काढलं की हाताला सवयीनं सापडलं, ते वह्यांत कुठे नाही.

आपल्यापैकी अनेकांनी वर्गात मागच्या बाकावर पुस्तकातलं क्रिकेट खेळलेलं असतं. पान उघडायचं, आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य म्हणजे बाद. पण तो खेळ तास संपला की संपतो. लीग संपत नाही, कारण तिला वही असते. पत्ते फक्त निकाल देतात; गुणतक्ता, मागच्या हंगामाची आठवण, कुणाचं कुणाशी जुनं वैर, हे सगळं वही देते.

अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुअॅकनं लहानपणी लोवेल गावात असंच बेसबॉल सुरू केलं आणि मोठेपणीही सोडलं नाही. त्याच्या संघांना मोटारींची नावं होती, खेळ पत्त्यांवर चाले, आणि तो त्याची आकडेवारी न् बातमीपत्रंही लिहून ठेवी. ते कागद न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत पोहोचले आणि 2009 मध्ये त्यांच्यावर पुस्तक निघालं. रॉबर्ट कूव्हरच्या 1968 च्या कादंबरीत हेन्री वॉ नावाचा हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाशांनी अख्खी बेसबॉल लीग चालवतो. एके दिवशी फासे असे पडतात की त्याचा लाडका तरुण खेळाडू मैदानावर मरतो. पुढची कादंबरी एकाच प्रश्नावर उभी आहे: नियम आपणच केले, फासेही आपलेच, मग निकाल मानायचा का? एम.ए.ला ही कादंबरी मी तौलनिक साहित्याच्या पेपरासाठी वाचली तेव्हा मला ती फार अमेरिकन वाटली होती. मामा त्याच वर्षांत तंजावुरात पत्ते पिसत होता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे पत्त्यांचं आणि राज्यकारभाराचं नातं जुनं आहे. ऐन-ए-अकबरीत अबुल फजलनं बारा रंगांच्या, 144 पानांच्या खेळाचं वर्णन केलं आहे. एकेका रंगाचा एकेक राजा: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती. अकबरानं त्यात फेरफार केले आणि खालच्या पानांवर कारखान्यातली, खजिन्यातली माणसं आणली. तोलणारे, वितळवणारे, नाणी पाडणारे, मोजणारे. बादशहाच्या हातात अख्खी कचेरीच पंख्यासारखी उलगडत असणार. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा याच कुळातली: गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधी पानं, एकूण 120. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ आणि अर्ध्यांत एक्का, त्यामुळे लहान म्हणजे हलका हा हिशेब इथे चालत नाही. दिवसा डाव रामाचा राजा असणारा उघडतो, रात्री कृष्णाचा. ही कला विझत आली होती तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली, तीही संस्थान विलीन झाल्यावर.

याहून टोकाचं उदाहरण म्हैसूरचं. तिसरे कृष्णराज वडियार 1799 मध्ये, टिपू पडल्यावर, लहानपणीच गादीवर बसले. 1831 मध्ये कंपनीनं कारभार काढून घेतला आणि 1868 पर्यंत हे राजे राज्याविना राजे राहिले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’तल्या ‘कौतुकनिधी’त पत्त्यांचे डाव सांगितले आहेत, 36 पानांपासून थेट 360 पानांपर्यंत. 360 पानं चार माणसांच्या हातात कशी मावत असतील, मला कल्पना करवत नाही.

तंजावूरचंही साल 1799 च. सरफोजीराजे (1777–1832) आदल्याच वर्षी गादीवर बसले होते. ऑक्टोबर 1799 च्या तहानं मुलूख कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि लगतचा परिसर उरला, शिवाय वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. तेहतीस वर्षं दरबार भरत राहिला. दप्तरखान्यात मोडीचे रुमाल वाढत राहिले. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याची अख्खी बखर मराठीत कोरली गेली. 1806 च्या सुमारास राजांच्या छापखान्यात इसापनीतीचं मराठी भाषांतर, ‘बालबोध मुक्तावली’, देवनागरीत छापलं गेलं (माझ्या धंद्यातल्या माणसानं त्या पुस्तकाला मनातल्या मनात नमस्कार करावा). ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात कोरवंजी भविष्य सांगता सांगता जगाचा भूगोल सांगते. आणि नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ राजांनी समुद्रकाठी बांधलेला बुरूज म्हणजे मनोरा. कुणा दुसऱ्याच्या लढाईचा विजयस्तंभ. मामानं त्याला परगावचा संघ केलं ते नकळत अगदी बरोबर होतं.

या सगळ्याला ‘राज्य गेलेल्या राजाचा खेळ’ म्हणून हसण्याची एक सवय आहे. मलाही होती. पण धन्वंतरी महालात डोळ्यांवर उपचार झालेल्यांच्या नोंदी सरफोजींनी ठेवल्या, डोळ्यांच्या चित्रांसकट. त्या रुग्णांचे डोळे खरे होते. निकाल ज्याच्या हातून गेला आहे त्याच्या हातात नोंद उरते, आणि ती नीट ठेवणं ही काही कमी प्रतीची करमणूक नाही. 1855 मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्र मागे न ठेवता वारले आणि कंपनीनं उरलेलं राज्यही खालसा केलं. आज सरस्वती महालात बसून आपण जे वाचतो ती हीच कागदं.

मामाच्या वह्यांकडे मी त्यानंतर जरा सरळ बसून पाहिलं. त्यानं प्रत्येक सामन्याची सगळी पानं लिहिली आहेत: ‘चौकट 7, इस्पिक 2, बदाम राणी, (वर) किलवर 9’. म्हणजे कुठलाही सामना पुन्हा मांडून तपासता येतो. मी दोन उन्हाळ्यांत सगळे तपासले. बेरजेची एक चूक नाही. एका ठिकाणी मात्र पानं आणि निकाल जुळत नाहीत.

आठवी वही, हंगामाचा शेवटचा सामना, सर्जा माडी विरुद्ध मनोरा. मामाचाच नियम होता की तळाचा संघ बाद होईल आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी नवा येईल. संगीत महाल असाच गेला होता, मामानं हूं की चूं केलं नव्हतं. सर्जा माडी त्याचा लाडका. शाळेत जाता-येता त्याच पाच मजल्यांकडे बघत तो मोठा झाला. बरोबरी झाली तर संघ वाचत होता. मनोऱ्याचं सातवं पान: किलवर एक्का. गोल. आणि पुढे निकाल, त्याच स्वच्छ अक्षरात: 0–0.

एक्का खोडलेला नाही. तो खोडून तिथे चव्वा लिहिला असता तर मला कधीच कळलं नसतं. कारकुनाला पान खोटं लिहवलं नाही, निकाल लिहवला. कूव्हरच्या हेन्री वॉपुढचा पेच मामानं असा सोडवला होता, आणि पुरावा जागेवर ठेवून गेला होता. कुणी तपासेल असं त्याला वाटलं होतं का? मराठी वाचणारं घरात कुणी उरणार नाही हे तर त्याला दिसतच होतं.

अकराव्या वहीतला हंगाम अर्धवट आहे. तेवीस सामने झालेले, सात उरलेले. मागच्या मे महिन्यात मी ते खेळले, त्याच गड्डीनं, त्याच नियमांनी, निकाल त्याच्याच ओळीखाली माझ्या अक्षरात लिहीत. सर्जा माडी तळाला राहिली. शेवटच्या सामन्यात एक लाल राजा आला होता, पण वरचं पान काळं निघालं.

मी नियमाप्रमाणे संघ बाद केला. मामेभावाला फोन करून सांगितलं तर तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अप्पांनी नसतं केलं." मी त्याला आठव्या वहीचं सांगितलं नाही. नव्या संघाचं नाव त्यानं सुचवायचं ठरलंय; अजून कळवलेलं नाही.