मुंबईतील उद्योगपतींचे बंगले (एकोणिसावे शतक)

मुंबईतील कापूसव्यापारी, सराफ व गिरणीमालक यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेली निवासस्थाने. ‘बंगला’ हा शब्द मूळचा बंगाली धर्तीच्या साध्या घराचा वाचक होय. मुंबईत मात्र त्याला प्रशस्त आवार, बाग, बग्गीसाठी द्वारमंडप व रुंद व्हरांडे असलेल्या घराचा अर्थ प्राप्त झाला.

या घरांमागील संपत्ती मुख्यत्वे कापसाची होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा खुंटला आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरात या प्रदेशांतील कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये सट्टेबाजार कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. तथापि गिरणी उद्योगाचा विस्तार पुढे चालूच राहिला.

या काळातील श्रीमंतांची पहिली वसाहत भायखळा व परळ या भागांत होती. गव्हर्नरांचे निवासस्थानही तेव्हा परळला होते. बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले व्यापारी डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांनी भायखळ्याच्या आपल्या प्रासादाला प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या पॉट्सडॅम येथील प्रासादावरून ‘सां सूसी’ (निश्चिंत) असे नाव दिले. कापूसव्यापारी व शेअर बाजारातील मातब्बर प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचे ‘प्रेमोद्यान’ही भायखळ्यासच होते.

वास्तुशैलीच्या दृष्टीने हे बंगले संमिश्र आहेत. दर्शनी बाजूचे स्तंभ, कमानी व त्रिकोणी शिरोभाग यूरोपीय अभिजात परंपरेतील. तर उंच छत, खोल व्हरांडे आणि झडपांच्या मोठ्या खिडक्या येथील उष्मा व पाऊस यांना अनुसरून योजलेल्या. जिने, तुळया व दारे यांसाठी सागवान, तर कठडे व फरश्या यांसाठी पुष्कळदा इंग्लंडहून आलेले साहित्य वापरीत. दिवाणखाना पाश्चात्त्य पद्धतीने सजविलेला असला, तरी देवघर वा प्रार्थनेची जागा, स्वयंपाकघर व एकत्र कुटुंबासाठीची दालने यांत घरच्या चालीरीतींचाच प्रभाव राही.

पुढे गिरण्या व चाळी यांची गर्दी भायखळा-परळकडे वाढत गेली आणि ज्या धंद्याने हे बंगले उभे केले, त्याच धंद्याच्या धुराने मालकांना तेथून हलविले. गव्हर्नरांचे निवासस्थान १८८५ मध्ये मलबार पॉइंटला गेले. प्लेगच्या साथीनंतर (१८९६) परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा आली (१८९९). श्रीमंतांनी मलबार हिल, कंबाला हिल व कोटाबाहेरील मोकळा भाग पसंत केला. चाळीतील एका खोलीत राहणारा कामगार मात्र गिरणीजवळच राहिला.

कोटाच्या भिंती १८६० नंतरच्या दशकात पाडल्यामुळे मोकळ्या मैदानालगत, म्हणजे एस्प्लनेडवर, नवी बांधकामे झाली. नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७) काढणारे जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांचे ‘एस्प्लनेड हाउस’ १८८७ मध्ये येथेच पूर्ण झाले. घराला आपल्या मालकाचे नाव न देता जागेचे नाव देण्यात आले, हे लक्षणीय आहे. त्यांचे पुत्र दोराबजी व रतन यांनी जमविलेल्या कलावस्तू पुढे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाल्या.

या वास्तूंचे भवितव्य वेगवेगळे झाले. ‘सां सूसी’मध्ये डॉ. मसीना यांनी १९०२ मध्ये स्थापन केलेले रुग्णालय आहे; ‘प्रेमोद्याना’च्या जागी कॉन्व्हेंटची संस्था आली; ‘एस्प्लनेड हाउस’ एका शिष्यवृत्ती न्यासाकडे जाऊन एकविसाव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला. मलबार हिलवरील ‘पेटिट हॉल’ मात्र पाडण्यात आला व त्याचे नाव तेथील बहुमजली इमारतींपुरते उरले. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू होऊन वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी झाली. तत्पूर्वी खाजगी बंगल्यांना फारसे संरक्षण नव्हते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जमिनीचा भाव वाढत असता केवळ सौंदर्याच्या बळावर जुने घर टिकत नाही. त्याला नवे काम मिळावे लागते. अन्यत्रही हाच अनुभव येतो. जालना येथील अठराव्या शतकातील मस्तगड या बालेकिल्ल्यात पुढे नगरपालिकेची कचेरी भरू लागली, तर त्याच्या भोवतीच्या किल्ल्याचे अवशेष तेवढे राहिले. मुंबईच्या बंगल्यांपैकी रुग्णालय, शाळा वा कार्यालय यांना उपयोगी पडले ते वाचले. कापडगिरण्यांपैकी बहुसंख्य बंद पडून त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले असल्याने, त्या उद्योगाचा इतिहास सांगणाऱ्या वास्तूंत या थोड्या घरांचे महत्त्व अधिकच वाढले आहे. मात्र कामगारांच्या चाळींचाही त्याच वारशात समावेश केल्याखेरीज हा इतिहास पूर्ण होत नाही.