ब्रूस्टर बी-२३९ विमानाच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती

ब्रूस्टर बी-२३९ हे दुसऱ्या महायुद्धात फिनलंडच्या हवाई दलाने वापरलेले अमेरिकी बनावटीचे एक-इंजिनी लढाऊ विमान होय. प्रतिकृतीकारांमध्ये ते विशेष प्रिय आहे. या विमानाची प्रतिकृती बहुधा १:७२ किंवा १:४८ या प्रमाणात केली जाते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १०.६७ मीटर असल्याने प्रतिकृतीत तो अनुक्रमे सुमारे १४८ व २२२ मिलिमीटर भरतो.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९३९ मध्ये फिनलंडने अशी ४४ विमाने विकत घेतली. त्यांना बीडब्ल्यू-३५१ ते बीडब्ल्यू-३९४ हे क्रमांक देण्यात आले. निर्यातीपूर्वी विमानवाहू नौकेवर उतरण्यासाठी असलेला शेपटीकडील आकडा व जीवरक्षक तराफा काढून टाकण्यात आला. फिनलंडमध्ये वैमानिकाच्या आसनामागे चिलखती पत्रा, मेट्रिक उपकरणे आणि स्वदेशी नेमयंत्र बसवण्यात आले.

रचनेतील अचूकता

एफ२ए-३ या उत्तरकालीन नौदलीय प्रकाराचा पुढील भाग अधिक लांब आहे. त्यामुळे त्याच्या संचातून फिनिश विमान जसेच्या तसे साकारता येत नाही. आरंभी विमानावर १२.७ मिलिमीटरच्या तीन व ७.६२ मिलिमीटरची एक मशीनगन होती. पुढे चारही १२.७ मिलिमीटरच्या झाल्या. म्हणून प्रतिकृती कोणत्या क्रमांकाच्या विमानाची व कोणत्या काळातील, हे आधी ठरवावे लागते.

रंग व चिन्हे

ही विमाने ॲल्युमिनियमच्या रंगात आली. पुढे वरच्या बाजूस काळा व हिरवा, तर खाली फिकट करडा आणि नंतर फिकट निळा रंग देण्यात आला. जून १९४१ पासून धडावर पिवळा पट्टा व पंखांच्या टोकांखाली पिवळा रंग आला. सप्टेंबर १९४४ मधील युद्धविरामानंतर तो काढण्यात आला.

पांढऱ्या वर्तुळातील निळे स्वस्तिक हे राष्ट्रीय चिन्ह १९१८ मध्ये स्वीडिश सरदार एरिक फॉन रोझेन यांनी भेट दिलेल्या विमानावरून आले. जर्मन नाझी पक्षाने १९२० मध्ये स्वीकारलेल्या चिन्हाशी त्याच्या स्वीकाराचा संबंध नाही. तरीही काही देशांतील निर्बंधांमुळे अनेक संचांच्या डेकलमध्ये (पाण्यात भिजवून उमटवायच्या चित्रांमध्ये) ते तुकड्यांत छापतात किंवा वगळतात. चिन्ह वगळल्यास प्रतिकृती ऐतिहासिकदृष्ट्या अपुरी राहते. ठेवल्यास पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. त्यामुळे प्रदर्शनात सोबत खुलासा लिहिणे उपयुक्त ठरते. १९४५ मध्ये त्याची जागा पांढऱ्या-निळ्या वर्तुळाने घेतली.

मूळ पुरावा

कृष्णधवल छायाचित्रांवरून रंगछटा निश्चित करणे कठीण असते. या दृष्टीने बीडब्ल्यू-३७२ हे विमान महत्त्वाचे आहे. २५ जून १९४२ रोजी लढाईत नुकसान झाल्यावर लाउरी पेकुरी यांनी ते कारेलियातील एका तलावावर उतरवले व ते बुडाले. पेकुरी चालत आपल्या हद्दीत परतले. १९९८ मध्ये ते बाहेर काढण्यात आले. २००८ पासून ते तिक्काकोस्की येथील विमानसंग्रहालयात ठेवलेले असून त्याचे पुनर्रंगण केलेले नाही. त्यामुळे मूळ रंगाचे अवशेष प्रत्यक्ष अभ्यासता येतात. मात्र इतकी वर्षे पाण्यात राहिलेल्या रंगाची छटा मूळची तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही.