बाप्तिस्म्याचे पाणी

मार्कच्या शुभवर्तमानात योहान यार्देन नदीत ‘पश्चात्तापाचा बाप्तिस्मा’ गाजवतो. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. त्याचा अर्थ मन पालटणे. मराठी प्रतिशब्दात झाल्या कृत्याची हळहळच अधिक भरते. पालीत अशा हळहळीला ‘कुक्कुच्च’ म्हणतात आणि तिची गणना नीवरणांत होते! आम्हांस म्हणून मूळ शब्द जवळचा वाटतो. थेरीगाथेतील पाणी वाहणारी दासी पुण्णिका स्नानशुद्धी मानणाऱ्या ब्राह्मणाला मासे-कासवांच्या स्वर्गाविषयी विचारते, तेही मनासाठीच. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात शरणगमनावर न थांबता बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुने दैवत मनातून सुटावयास हवे होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापिला; तो बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही खुला होता.