देवगिरी : कडा आणि कोठार

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा सुळका उभा राहतो. खालचा कडा छिन्नीने असा उभा तासलाय की घोरपडीलाही पाय रोवता येऊ नये. बहुतेक प्रवासी खंदक, अंधारी, मेंढा तोफ पाहून परततात. मी मात्र या खेपेला कोटांच्या आतलं शहर शोधत हिंडलो.

चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला, तेव्हा त्याला एक नव्हे, तीन वस्त्या दिसल्या : सुलतानाचं व लष्कराचं दौलताबाद, कटक आणि डोंगरावरचा देवगिरी. वर जायला चामड्याची शिडी होती, रात्री ती ओढून घेत. तिथल्या तुरुंगातल्या उंदरांना मांजरंही भितात, असं तो लिहितो. (पुढे याच किल्ल्यात गोवळकोंड्याचा तानाशहा कैदेत राहिला, उंदरांची परंपरा तोवर टिकली होती का, कोण जाणे.)

शिडी ओढली की डोंगर सुरक्षित. पण पोटाचं काय? १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला, तेव्हा युवराज शंकरदेव सैन्यासह दूर होता. रामदेवराय गडावर गेला. घाईत वर चढवलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असं फिरिश्ता सांगतो. तो लिहितो तीनशे वर्षांनंतर, त्यामुळे गोष्ट फारच बेतशीर वाटते. तरी ती मला सहज झटकता येत नाही, आणि त्याला कारण १६३३चा वेढा.

तेव्हा गडावर मलिक अंबरचा मुलगा फतेहखान आणि लहानगा निजामशहा होते. बाहेर मोगल सरदार महाबतखान. बापाच्या नावाचा अंबरकोट सुरुंगाने फुटला, महाकोटही गेला. विजापूरकरांनी, त्यांत शहाजीराजेही होते, आत रसद पोचवायचे प्रयत्न केले. मोगलांनी ते उधळले. उपासमार असह्य झाली, मोगलांकडून पैसाही मिळाला, आणि फतेहखानाने किल्ल्या दिल्या. बालराजा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तासलेला कडा कुणालाही चढावा लागला नाही.

गड दाखवणारे अंधारीतल्या उकळत्या तेलाच्या गोष्टी रंगवून सांगतात. धान्य वर कसं जाई, हे मी विचारलं तर एकाने खांदे उडवले. अंबरकोटाच्या आत आज गाव आहे, शेती आहे.