ओंटारियोचे मंत्रिमंडळ: कोण नेमते आणि कसे चालते?



इकडे येऊन वर्षे झाली तरी आपल्यापैकी बऱ्याच जणांना महाराष्ट्रातल्या मंत्र्यांची नावे खात्यांसकट पाठ असतात. पण ओंटारियोचे आरोग्यमंत्री कोण, असे विचारले की गाडी अडते. खरे तर मुलांची शाळा, ओहिप कार्ड, गाडीचे लायसन्स, घराची नोंदणी, इंजिनिअर किंवा नर्स म्हणून काम करण्याचा परवाना हे सगळे विषय प्रांताच्या कायद्याखाली येतात. त्यांचे निर्णय ओटावात नव्हे, टोरांटोच्या क्वीन्स पार्कमध्ये होतात. म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत.

नेमणूक कशी होते?

विधानसभेत १२४ जागा आहेत, म्हणजे बहुमताला ६३ लागतात. आपल्याकडच्या विधान परिषदेसारखे दुसरे सभागृह इथे नाही. राज्यपालांच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर असतात. पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल त्यांना नेमतात. सभागृहाचा विश्वास ज्याच्या मागे आहे त्या नेत्याला लेफ्टनंट गव्हर्नर प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री म्हणून नेमतात. बाकीचे मंत्री प्रीमियरच्या सल्ल्याने नेमले जातात. मंत्री राजनिष्ठेची, पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. प्रीमियरला वाटेल तेव्हा खातेबदल करता येतो.

सर्वात जास्त जागा मिळाल्या म्हणजे सरकार टिकलेच असे नाही. १९८५ मध्ये फ्रँक मिलर यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १२५ पैकी ५२ जागा मिळाल्या, लिबरल पक्षाला ४८ आणि एनडीपीला २५. मिलर यांचे सरकार सभागृहात पडले आणि एनडीपीच्या पाठिंब्यावर डेव्हिड पीटरसन प्रीमियर झाले. कन्झर्व्हेटिव्ह पक्षाची ४२ वर्षांची सत्ता अशी संपली. विशेष म्हणजे एनडीपीने लेखी करार केला, पण एकही मंत्रिपद घेतले नाही. आपल्याकडच्या आघाड्या पाहिलेल्यांना याचे नवल वाटेल!

महाराष्ट्रापेक्षा वेगळे काय?

• संख्या: भारतात २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होऊ शकतात. ओंटारियोत अशी मर्यादा नाही. डग फोर्ड यांचे २०१८ चे पहिले मंत्रिमंडळ २१ जणांचे होते, २०२५ च्या निवडणुकीनंतरचे ३५ च्या पुढे गेले.

• आमदारकी: उद्धव ठाकरे २०१९ मध्ये कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसताना मुख्यमंत्री झाले आणि २०२० मध्ये विधान परिषदेवर निवडून आले, कारण राज्यघटना सहा महिन्यांची मुदत देते. ओंटारियोत मंत्र्याने निवडून आलेला सदस्य असावे हा संकेत आहे.

• पदांची नावे: इथे सगळ्यांची हमखास गफलत होते. डेप्युटी मिनिस्टर म्हणजे उपमंत्री नव्हे! तो सरकारी अधिकारी, आपल्याकडच्या खात्याच्या सचिवासारखा. असोसिएट मिनिस्टर हा खरा मंत्री, खात्यातला एखादा विषय सांभाळणारा. पार्लमेंटरी असिस्टंट हा मंत्र्याच्या मदतीला दिलेला आमदार, पण तो मंत्रिमंडळात नसतो. अ‍ॅटर्नी जनरल इथे मंत्रीच असतो. पालकमंत्री हा प्रकार मात्र इथे नाही.

निर्णय कसा होतो?

खात्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाच्या समित्यांकडून पुढे जातो. खर्चाचा प्रश्न असेल तर ट्रेझरी बोर्डाची मान्यता लागते. चर्चा गुप्त असते. प्रीमियरने मंत्र्यांना कामे नेमून देणारी पत्रेसुद्धा गुप्त राहू शकतात, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. एकदा निर्णय झाला की तो सगळ्या मंत्र्यांचा. ज्याला पटत नाही त्याने राजीनामा द्यावा, ही पद्धत आहे.

आपल्याला याचा उपयोग काय?

'कॅनेडियन अनुभव नाही' या कारणाने आपल्या किती इंजिनिअर मंडळींचे परवाने रखडले, हे सांगायला नको. ही अट काढण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला तो ओंटारियोच्या कामगार मंत्र्यांच्या विधेयकाने, आणि इंजिनिअर्सच्या परवाना संस्थेने २०२३ मध्ये अट काढली. अशा विषयासाठी फेडरल खासदाराकडे गेलात तर ते तुम्हाला प्रांताकडेच पाठवतील.

तेव्हा आधी खाते कोणाचे ते पाहा, आपल्या एमपीपीच्या कार्यालयाला लिहा आणि त्याची प्रत त्या मंत्र्याला पाठवा. नियमांच्या मसुद्यांवर लोकांच्या सूचना मागवल्या जातात आणि विधेयक समितीसमोर असताना लेखी म्हणणे मांडता येते. मतदानाला नागरिकत्व लागते, पत्र लिहायला नाही. पीआर कार्डावर असलेल्या मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावे.